दीड किलो ज्वारीत चौघांचा दिवस: जुन्या वऱ्हाडी घरचं रोजचं जेवण कसं रांधायचं

वऱ्हाडातल्या जुन्या जेवणाचा विषय निघाला की रोडगे, वांग्याची भाजी, पुरणपोळी यांचीच नावं पुढे येतात. ते पंगतीचं आणि सणाचं जेवण. रोजचं घर चालायचं ज्वारीवर. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल ठरताना पैशांसोबत ज्वारीची मापं ठरायची, सोंगणीची मजुरीही ज्वारीतच मिळायची. गहू पाहुण्यासाठी राखलेला असायचा, तांदूळ सणावारी शिजायचा. म्हणून जुन्या रांधणारीचं खरं कसब एकाच धान्याशी होतं. त्याचं पीठ करायचं, त्याच्याच कण्या करायच्या, थोडं आंबवायचं, आणि तिन्ही वेळा वेगळी चव पानात आणायची. हे कसब शिकायचं तर सुटे पदार्थ न शिकता एक अख्खा दिवस रांधून पाहावा.

खालची मापं चार मोठ्या माणसांच्या एका दिवसाची आहेत. शेतात राबणारा गडी एका वेळी तीन-चार भाकरी सहज खायचा. बैठ्या कामाच्या माणसाला दिवसाला दोन-अडीच पुरतात, तोच हिशेब इथे धरला आहे. राबणारी माणसं असतील तर पीठ दुप्पट घ्या, बाकीचं तसंच ठेवा.

दाणा आणि दळण

दीड किलो ज्वारी लागेल. त्यातली एक किलो बारीक दळायची, अर्धा किलो भरडायची.

घेताना दाणा दाताखाली फोडून पाहा. टणक असावा, कट्‌कन तुटावा. काळपट ठिपक्यांचा, हातात हलका लागणारा दाणा पावसात सापडलेला असतो. तो धुतल्यानं सुधारत नाही, त्याची भाकर काळी आणि कडवट होते. जुन्या गावरान ज्वाऱ्या पाऊस सरून दिवस लहान झाल्यावर निसवायच्या, म्हणजे तेव्हा त्यांची कणसं बाहेर पडायची, त्यामुळे दाणा कोरड्या हवेत भरायचा. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. तिच्या मागून आलेली हायब्रीड वाणं लवकर पिकणारी. उतारा वाढला, पण दाणा भरायची वेळ सप्टेंबरच्या पावसात येऊ लागली आणि कणसं काळी पडू लागली. ‘हायब्रीडची भाकर गोड लागत नाही’ या म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारीचं एक कारण तेच आहे. आता वऱ्हाडात सोयाबीननं ज्वारीची जागा घेतल्यामुळे बहुतेकांना विकतच घ्यावी लागते. शक्यतो रब्बीची घ्या.

पूर्वी वर्षाची ज्वारी कणगीत नाहीतर जमिनीखालच्या पेवात भरून ठेवत. कुठे जुनं पेव उघडण्याची वेळ आलीच तर एक गोष्ट विसरू नका: बंद पेवात विषारी हवा साचलेली असते. तोंड उघडून दीर्घकाळ हवा खेळू दिल्याशिवाय कुणीही आत उतरायचं नाही. यात माणसं दगावलेली आहेत.

एक किलो ज्वारी निवडून गिरणीवर बारीक दळून आणा. गिरणीतून पीठ गरम येतं. ते डब्यात लगेच कोंबू नका, कापडावर पसरून निववा. गरम पिठाला डब्यात घाम सुटतो आणि त्याची विरी लवकर जाते. विरी म्हणजे पिठाची चिकटून राहायची ताकद. ज्वारीत गव्हासारखा चिकट चोथा नसतो, त्यामुळे विरी गेली की भाकर थापताना कडा फाटत जातात आणि कितीही मळलं तरी सांधत नाहीत. आठ-दहा दिवसांचं पीठ एकदम दळून आणा, महिन्याचं नको. पूर्वी रोज पहाटे जात्यावर त्या दिवसापुरतंच दळत, त्यामागे हे कारणही होतं.

अर्धा किलो कण्यांसाठी. ज्वारीवर अर्धी वाटी पाणी शिंपडा, हातानं चोळा, दहा-पंधरा मिनिटं फडक्याखाली ठेवा. साल सैल होते, आतला दाणा कोरडाच राहतो. मग उखळात हलक्या हातानं सडा. इथं दाणा फोडायचा नसतो, साल काढायची असते, म्हणून मुसळ आपटू नका. सुपानं पाखडून कोंडा काढा, उन्हात तासभर वाळवा, मग भरडा. जातं असेल तर मधल्या खिळ्यावर चिंधी चढवून वरची तळी किंचित उचलली की भरड पडते. मिक्सरमध्ये करायचं तर मूठ-मूठ टाकून तीन-चार झटके पुरे, सलग फिरवलं तर पीठच होईल. भरड चाळा. चाळणीवर राहतील त्या कण्या, साधारण ३५० ग्रॅम. खाली पडेल ते पीठ, शंभर ग्रॅमच्या आसपास. ते टाकू नका, आंबिलीला तेच लागणार आहे. कोंडा गाईला.

रात्रीच करून ठेवायचं

झोपण्याआधी दोन कामं. २५० ग्रॅम कण्या, म्हणजे दोनेक वाट्या, बुडून वर दोन बोटं राहील इतक्या पाण्यात भिजत घाला. दुसऱ्या भांड्यात आंबिलीचं शंभर ग्रॅम पीठ दीड वाटी आंबट ताकात गुठळ्या मोडून कालवा. भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्या. वर फडकं बांधा, घट्ट झाकण नको. थंडीत चौदा-सोळा तास लागतात आणि भांडं चुलीजवळ ठेवावं लागतं. मे महिन्यात मात्र विदर्भातल्या उकाड्यात रात्रीपासून ठेवलं तर दुपारपर्यंत नाकात जाईल इतकं आंबतं. उन्हाळ्यात हे काम रात्री न करता पहाटे करा, सहा तास भरपूर झाले. वर बारीक बुडबुडे आणि ताकासारखा आंबट वास आला की तयार. रंगीत बुरशी किंवा कुजका वास आला तर सगळं फेकून द्या, वरवरचं काढून वापरू नका.

सकाळी: कण्या आणि ताक

गंजात, म्हणजे पातेल्यात, सात वाट्या पाण्याचं आधण ठेवा, दीड चमचा मीठ टाका. खळखळ उकळी आली की भिजलेल्या कण्या त्यांच्या पाण्यासकट धारेनं सोडा आणि दुसऱ्या हातानं पळी फिरवत राहा. सगळ्या एकदम ओतल्या तर तळाशी गोळा बसतो, बाहेरून शिजतो आणि आत कच्चा राहतो. पहिली दहा मिनिटं हात थांबवायचा नाही. मग जाळ ओढून घ्या, गंज वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या लहान तोंडावर, सरकवा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर अर्धा तास राहू द्या. अधूनमधून तळापासून हलवा. घट्ट होत चालल्या तर उकळतंच पाणी घाला. गार पाण्यानं शिजणं तुटतं आणि कण्या वातड होतात.

कणी दोन बोटांत दाबली की मध्ये कडक ठिपका लागू नये. तो लागत असेल तर उतरवू नका. कच्च्या कण्या पोटात जड पडतात.

ताटात गरम कण्या, त्यावर गार ताक, बाजूला मीठ-तिखट नाहीतर लसणाची चटणी. ताक शिजत्या कण्यांत ओतायचं नाही, फाटतं. लेकरांना दूध-गूळ घालून देत. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, हीच जागा तांदळाच्या कण्यांची पेज घेते. तिला भिजवायला अर्धा तास पुरतो आणि ती निम्म्या वेळात शिजते.

भाकर

सगळ्या दिवसाचं यश हिच्यावर आहे, आणि बहुतेकांची गाडी इथंच अडते. अडचण हातात फार थोडी असते, पाण्यात जास्त असते.

एका वेळी पाच भाकरींचं, म्हणजे अर्धा किलो पीठ घ्या. परातीत मध्ये आळं करा. ३०० मिली पाणी खळखळ उकळा आणि उकळी मोडायच्या आत आळ्यात ओता. कोमट पाणी चालणार नाही. उकळत्या पाण्यानं पिठातलं सत्त्व फुगून चिकट होतं, आणि गव्हाचा चिकटपणा नसलेल्या ज्वारीला तेवढाच आधार आहे. सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, कालवा, दोन-तीन मिनिटं झाकून ठेवा, हाताला सोसेल इतकं निवू द्या.

आता एका भाकरीपुरता गोळा बाजूला घ्या, बाकीचं ओल्या फडक्याखाली ठेवा. कोमट पाण्यात हात बुडवून तळहाताच्या मुळानं पीठ पुढे रगडा, गोळा करा, परत रगडा. तीन-चार मिनिटं. सुरुवातीला ते भुसभुशीत तुटेल. मग एका क्षणी मऊ होऊन परातीला चिकटायचं सोडतं. तोवर थांबू नका. एका गोळ्याला वरून साधारण दोन-तीन मोठे चमचे पाणी जिरतं, जुन्या पिठाला थोडं जास्त. सगळे गोळे आधी मळून ठेवायचा मोह टाळा. मळलेला गोळा पडून राहिला की कडा कोरड्या पडतात आणि थापताना तडकतात.

परातीत चिमूटभर कोरडं पीठ पसरा, गोळा चपटा करा. एका हाताच्या बोटांनी थापा, दुसऱ्या हातानं कड सांभाळा. थाप मारताना भाकर आपोआप फिरत राहिली पाहिजे. अडली तर खाली पीठ कमी पडलंय. मध्यापेक्षा कडेकडे जास्त थापा, मध्ये पातळ आणि कडेला जाड भाकर फुगत नाही. कडा फाटत असतील तर गोळा मोडा, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. फटी नुसत्या बोटानं सांधलेली भाकर तव्यावर तिथंच उघडते आणि वाफ निघून जाते.

तवा लोखंडी किंवा मातीचा. पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडाला पाहिजे. भाकर अशी टाका की थापताना खाली असलेली, पिठाची बाजू वर येईल. लगेच हात ओला करून तिच्यावर सगळीकडे पाणी फिरवा, कडेलाही. हे पाणी पीठ धुऊन काढतं आणि वरचा पापुद्रा मऊ ठेवतं. पाणी दिसेनासं होत आलं, पण वर ओलसर चमक आहे, तेव्हाच उलटा. पूर्ण वाळू दिली तर भेगा पडतात. फार लवकर उलटली तर पाण्याची बाजू तव्याला चिकटते. दुसरी बाजू दोन मिनिटं, खाली बदामी ठिपके येईपर्यंत नीट भाजा.

मग तवा बाजूला. चुलीच्या तोंडाशी निखारे ओढा आणि भाकर तिथं उभी टेकवा. आधी तव्यावर कमी भाजलेली, पाणी न लावलेली बाजू निखाऱ्याकडे. पाठ फुगून पापुद्रा सुटतो. हातानं फिरवत कडा शेका. गॅसवर करणाऱ्यांनी तीच बाजू थेट मध्यम आचेवर धरावी. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ भडकतो आणि लगेच बसतो, त्याचे निखारे टिकत नाहीत. भाकरीच्या दिवशी तुराट्या, बाभळीची काडी किंवा गोवऱ्या जवळ असू द्या.

पीठ जुनं निघालंच तर टाकून देऊ नका. चार वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी उडदाचं पीठ आणि थोडं मीठ घाला. उडदाच्या बुळबुळीत चिकटपणानं ते सांधतं. ही झाली कळण्याची भाकर. वऱ्हाडी बोलीत कयन्याची. नुसत्या ठेच्यासोबतही ती पोटभर खाल्ली जाते.

शिदोरी: चून, ठेचा, जवसाची चटणी

शेतात नेण्याच्या भाकरी आधी टोपलीत उभ्या ठेवून वाफ घालवा, मग सुती फडक्यात बांधा. गरम भाकरी स्टीलच्या डब्यात कोंडल्या तर झाकणाचं पाणी गळून दुपारपर्यंत लिबलिबीत होतात.

चुनाला, म्हणजे पिठल्याला, हरभरा डाळीचं पीठ एक वाटी. ते आधी अडीच वाट्या गार पाण्यात कालवून घ्या. गरम फोडणीत कोरडं पीठ टाकल्यानंच गुठळ्या होतात. तीन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या दहा पाकळ्या, दोन कांदे बारीक चिरून. कांदा लाल झाला की हळद, दोन चमचे तिखट, मीठ, आणि मग कालवलेलं पीठ. हलवत राहा. घट्ट झाल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर आठ मिनिटं. कच्च्या बेसनाचा वास या आठ मिनिटांतच जातो, आधी उतरवलं तर राहतो. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. शिदोरीला न्यायचा चून कोरडा हवा, त्याला पाणी सव्वा वाटीच घ्या. ओला चून उन्हात चार तासांत आंबतो.

ठेच्याला पंधरा हिरव्या मिरच्या आणि दहा लसूण पाकळ्या लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात डाग पडेपर्यंत भाजा, जाडं मीठ टाका आणि गडव्याच्या, म्हणजे लहान लोट्याच्या, बुडानं तव्यावरच ठेचा. मिक्सरमधला ठेचा पाणी सोडतो आणि कडवटतो.

जवस शंभर ग्रॅम मंद आचेवर भाजा. तडतड सुरू होऊन थांबत आली की उतरवा. काळं पडेपर्यंत ठेवलं तर कडू. आठ पाकळ्या लसूण, दोन चमचे तिखट, चमचाभर मीठ घालून कुटा. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून आठवडाभराचीच करा.

दुपारची आंबील

सव्वा लिटर पाण्याचं आधण ठेवा. आंबलेलं पीठ हलवून धारेनं सोडा, पळी फिरवत वीस मिनिटं शिजवा, मीठ घाला. पळीच्या पाठीवर पातळ थर राहील इतपत ठेवा, निवल्यावर ती आणखी घट्ट होते. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या ताक, ठेचलेलं जिरं आणि लसूण. मातीच्या मडक्यातून शेतात न्यायची. उन्हात घाम गाळणाऱ्याला पाणी, मीठ आणि पोटाला आधार एकाच पेल्यात मिळतो, नुसत्या पाण्यानं ते होत नाही.

संध्याकाळी: अंबाडीची भाजी

अर्धा किलो कोवळी पानं, देठ काढून. उरलेल्या शंभर ग्रॅम कण्या आणि अर्धी वाटी तुरीची डाळ तासभर भिजवा.

इथं क्रम महत्त्वाचा आहे. कण्या आणि डाळ आधी साध्या पाण्यात पूर्ण शिजवा, चार-पाच वाट्या पाणी लागेल. अंबाडी आंबट असते, आणि आंबट पाण्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी टरटरीत राहते. सगळं एकत्र शिजत घालणाऱ्यांची भाजी याच चुकीनं बिघडते. पानं वेगळ्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा, पाणी फेका, पानं पिळून घ्या. पावसाळ्यातली कोवळी अंबाडी कमी आंबट असते, तिचं निम्मंच पाणी फेकलं तरी चालतं. भांडं बिनकल्हईचं पितळ-तांबं किंवा ॲल्युमिनियम नको. आंबटानं धातू सुटून भाजीत उतरतो.

शिजलेल्या कण्या-डाळीत पानं टाका, मीठ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घाला, पळीनं घोटून दहा मिनिटं रटरटू द्या. ती भाताइतकी घट्ट नको आणि वरणाइतकी पातळ नको. फोडणी वाढतानाच करायची: चार मोठे चमचे तेल, ठेचलेल्या लसणाच्या पंधरा पाकळ्या, चार लाल मिरच्या. लसूण बदामी झाला की ताटातल्या भाजीत खळगा करून ओता. तेलात हात आखडता घेऊ नका, अंबाडीचा आंबटपणा तेलानंच मवाळ होतो.

अंबाडी नसेल त्या दिवसांतही हीच पद्धत चालते. पावसाच्या सुरुवातीला तरोटा, म्हणजे टाकळा, पण चार पानांवर आलेला. मोठा झाला की कडवट आणि चरबट. थंडीत हरभऱ्याचा शेंडा, जो सावलीत वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. चिवळ आणि घोळ तीन पाण्यांनी धुवा, मुळाशी माती फार असते. हरभरा, चिवळ आणि घोळ या भाज्यांना कण्यांऐवजी बेसनाचं आलन, म्हणजे दाटपणासाठीचं पीठ, लावतात.

पूर्व विदर्भात तुरीच्या जागी लाखोळीची, म्हणजे लाखेची, डाळ वापरायची वहिवाट होती. दुष्काळात तीच मुख्य अन्न होऊन महिनोन्‌महिने खाल्ली गेली की पाय कायमचे लुळे पडत. रोजच्या वरणासाठी ती घेऊ नका. तुरीत भेसळ असेल तर दाणा पाचरीसारखा कोनदार दिसतो, तो निवडून काढा.

उरलेली भाकर

रात्रीची भाकर फडक्यात दुसऱ्या सकाळपर्यंत चांगली राहते. चून आणि अंबाडी मात्र उन्हाळ्यात त्याच रात्री संपवा. सकाळी भाकर बारीक कुस्करून ताकात दहा मिनिटं भिजवा, मीठ, कच्चा कांदा, ठेचा: हा काला. चुलीवर परतून करायची असेल तर कुटक्यांवर, म्हणजे भाकरीच्या तुकड्यांवर, आधी पाण्याचा हबका मारा आणि मग कांदा-लसणाच्या फोडणीत टाका. कोरडेच टाकले तर ते तेल पितात आणि दाताखाली कडक राहतात. भाकर फार वाळली असेल तर निखाऱ्यावर कुरकुरीत भाजून कुटा. तो चुरा गुळासोबत खातात, नाहीतर पातळ भाजीत दाटपणासाठी घालतात.